मदत हवी आहे: तिकिटांवरच्या जुन्या इमारतींचे फोटो

मंडळी, टपाल तिकिटांवरच्या ऐतिहासिक इमारतींचे फोटो काढायला घेतलेत आणि दोन ठिकाणी घोडं अडलंय.

फ्रान्सची 1929-30 च्या सुमाराची कोरीव छपाईची तिकिटं आहेत, पाँ द्यु गार (रोमन काळातला कमानींचा पूल) आणि माँ सें-मिशेल (बेटावरचा जुना मठ). भिंगातून पाहिलं की केसाएवढ्या रेघांतून अख्खी कमान उभी राहते. फोटोत मात्र त्याच रेघांवर पाण्यासारख्या लाटा उमटतात. मोठं करून पाहिलं की त्या जातात, लहान केलं की पुन्हा हजर! हा दोष फोटोतच आहे की फक्त स्क्रीनचा, कसं ओळखायचं?

मोबाइलचा मॅक्रो मोड वापरून झाला. तो वाइड लेन्स घेतो, त्यामुळे मनोरे कडेला पोट सुटल्यासारखे फुगतात, शिवाय फोनची सावली पडते ती वेगळीच. आता कॅमेऱ्याला 1:1 मॅक्रो लेन्स (सेन्सरवर वस्तू खऱ्या आकारात उमटवणारी) लावली आहे. स्टँडवरून सरळ खाली, लेन्सचं छिद्र एफ/8, दोन्ही बाजूंनी 45 अंशांवर दिवे. खाली काळा कागद ठेवल्यावर दातरे (तिकिटाच्या कडेचे दाते) झकास उठून दिसले.

दुसरी अडचण, तिकिटं किंचित वळलेली आहेत. काच ठेवली तर इंद्रधनुषी वलयं येतात, नाही ठेवली तर एक कोपरा धूसर. फोकस बदलत चार-पाच फोटो काढून जोडावेत का? सपाट करायला तिकिटं ओली करायची नाहीत, मागचा डिंक शाबूत आहे.

स्कॅनर सुचवू नका, प्लीज. तिरप्या उजेडात शाईचा जो उठाव दिसतो, तोच तर टिपायचाय.