दोनदा पुन्हा इन्स्टॉल करूनही पानजुळणीचा प्रोग्राम उघडत नाही

अक्षरजुळारी:
नमस्कार. अप्पा बळवंत चौकाजवळ माझे डीटीपीचे दुकान आहे. सोमवारी पानजुळणीचा प्रोग्राम अपडेट केला, तेव्हापासून तो उघडतच नाही. आधी ‘व्हीसीरनटाइम१४०_१.डीएलएल सापडली नाही, प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल करून पाहा’ अशा अर्थाचा संदेश येत होता. तसे केले, फरक पडला नाही. मग भाच्याने कुठल्याशा संकेतस्थळावरून तशा नावाच्या दोन फाइली उतरवून प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये टाकल्या, तर संदेशात ‘०एक्ससी०००००७बी’ हा आकडा येऊ लागला. प्रोग्राम काढून पुन्हा घातला, तोच आकडा. विंडोज १० आहे, ६४ बिट. एका प्रबंधाची पाने गुरुवारी बांधणीला द्यायची आहेत. विंडोजच नव्याने टाकावे का?

कोथरूडकर:
विंडोजला हात लावू नका. पहिल्या संदेशात जी फाइल मागितली आहे ती आपल्या प्रोग्रामची नसून मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल या, अनेक प्रोग्रामना लागणाऱ्या सामायिक फाइलींच्या (डीएलएल) पॅकेजमधली आहे. २०१५ पासूनच्या आवृत्त्यांसाठी हे पॅकेज एकच असले, तरी नावात ‘_१’ असलेली फाइल त्यात २०१९ च्या सुमारास आली आणि ती फक्त ६४ बिट प्रोग्रामना लागते. आपल्याकडे जुने पॅकेज असणार, आणि प्रोग्रामची नवी आवृत्ती नव्या फाइलीवर विसंबलेली असणार. इन्स्टॉलर ते पॅकेज सोबत आणत नसेल तर प्रोग्राम दहा वेळा घातला तरी फाइल येणार नाही.

दुसरा आकडा भाच्याच्या उद्योगाचा दिसतो. ६४ बिट प्रोग्रामला ३२ बिट फाइल मिळाली की बहुधा हाच आकडा येतो, आणि विंडोज अशी फाइल सहसा आधी प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधते. प्रोग्राम काढताना अनइन्स्टॉलर साधारणपणे स्वतः ठेवलेल्या फाइलीच उचलतो, त्यामुळे बाहेरून टाकलेल्या दोन फाइली तिथेच राहिल्या असाव्यात. त्या हटवा, मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून पॅकेजची एक्स६४ (म्हणजे ६४ बिट) आवृत्ती घाला, संगणक रीस्टार्ट करा. (डीएलएल वाटणाऱ्या संकेतस्थळांवरून काही उतरवले असेल तर व्हायरस तपासणीही करून घ्या.)

छापखाना:
वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त एक जोडतो. प्रोग्राम पुन्हा काढण्याची वेळ आलीच आणि ‘सेटिंग्ज हटवायच्या का’ असे विचारले गेले, तर नाही म्हणा. टेम्प्लेट आणि स्वतः भरलेला शब्दकोश बहुधा अ‍ॅपडेटा या, विंडोज प्रत्येक वापरकर्त्याच्या सेटिंग्ज ठेवते त्या फोल्डरमध्ये असतो. त्याची प्रत आधी पेनड्राइव्हवर घ्या.

अक्षरजुळारी:
प्रोग्राम काढल्यावरही फोल्डर जागच्या जागी होते आणि आत नेमक्या त्या दोनच फाइली उरल्या होत्या. त्या हटवल्या, पॅकेज घातले, प्रोग्राम शेवटचा एकदा घातला आणि तो उघडला. टेम्प्लेटही शाबूत आहेत. दुकानातल्या दुसऱ्या संगणकावर अपडेट करण्याआधीच पॅकेज घातले, तिथे संदेश आलाच नाही. दोघांचे मनःपूर्वक आभार. भाच्याला उत्तर वाचून दाखवले आहे.