मदत हवी आहे: कंपन्यांचं आयटी बजेट एआयकडे वळलं, शेअर विकू का?

चातक: बायकोला कंपनीकडून मिळालेले शेअर पडून आहेत. जो तो म्हणतो, सीआयओ मंडळी, म्हणजे कंपन्यांचे आयटी प्रमुख, सगळा पैसा एआयवर ओततायत, बाकी सॉफ्टवेअरला कात्री. वाढ खुंटणार का? विकू की ठेवू? लवकर सांगा, शुक्रवारी ट्रेडिंग विंडो (कर्मचाऱ्यांना शेअर विकायची मुदत) बंद होतेय.

बोरूबहाद्दर: कंपनी कुठली?

चातक: सीआरएमवाली, ग्राहकांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर विकते ती. अजून कुठली असणार!

बोरूबहाद्दर: सेल्सफोर्स म्हण की सरळ.

खरेदीखाते: मी एका बँकेत आयटी खरेदी बघतो. यंदा एआयसाठी वरून वेगळा पैसा आला नाही, आहे त्यातूनच काढा म्हणाले. मग रिन्यूअलच्या वेळी लॉगिनची यादी काढली. नोकरी सोडून गेलेल्यांच्या नावावरही लायसन्स चालू! सगळी उडवली. सीआरएम कोणी उखडून टाकत नाही, पण माणशी लायसन्स विकणाऱ्याची वाढ अशी अडते.

शेअरखवय्या: म्हणजे एआयनेच खाल्लं. ३० मे २०२४ ला हा शेअर एका दिवसात जवळपास २० टक्के पडला होता, विसरलात?

बोरूबहाद्दर: उगाच एआयच्या माथी मारू नका. आर्थिक वर्ष २०२२ मध्ये यांचं उत्पन्न २५ टक्के वाढलं, २०२३ मध्ये १८ टक्के. ते वर्ष जानेवारी २०२३ लाच संपलं, तेव्हा चॅटजीपीटी येऊन जेमतेम दोन महिने झाले होते! करोनात वारेमाप खरेदी झाली, मग व्याजदर चढले, हात आखडले. २०२५ मध्ये वाढ ९ टक्क्यांवर आली.

खरेदीखाते: म्हणूनच तर त्यांनी एजंटफोर्स काढलं, ग्राहकांशी बोलणारे एआय एजंट, सुरुवातीला दर संभाषणामागे २ डॉलर. माणसं घटली तरी वापराचे पैसे मिळावेत. एआयच्या बजेटमधला वाटा त्यातून किती मिळतो, ते बघा. तिमाही निकालात सीआरपीओ वाचा, म्हणजे पुढच्या १२ महिन्यांचं करार झालेलं उत्पन्न. नुसता नफा बघून कळणार नाही.

एफडीप्रेमी: विका आणि एफडी करा. झोप लागते.

करसल्लागार_काका: रिटर्नमध्ये शेड्युल एफए भरता ना? परदेशी शेअर विकले नाहीत तरी दाखवावे लागतात.

चातक: काका, ते नाही विचारलं.

खरेदीखाते: पैसे कधी लागणार आहेत?

चातक: दिवाळीत. फ्लॅटचं डाउनपेमेंट.

बोरूबहाद्दर: अहो, हे आधी सांगायचं! पगारही तिथला, घराचे पैसेही तिथेच अडकलेले. सीआयओंचं बजेट घाला चुलीत, डाउनपेमेंटपुरते तरी विका.

एफडीप्रेमी: फ्लॅट कुठे बघताय? बाणेरकडे असेल तर टँकरचा खर्च आधी विचारून घ्या.