मदत हवी आहे: चतुःसीमेचं इंग्रजी

नमस्कार मंडळी, सोलापुरात बाळीवेशीतल्या आमच्या जुन्या घराच्या खरेदीखताचं इंग्रजी भाषांतर करतेय. भावाला ते परदेशातल्या बँकेत द्यायचंय. अडलंय चतुःसीमेपाशी, म्हणजे घराच्या चारही बाजूंना काय आहे त्या वर्णनापाशी.

पूर्वेला काकांचं घर, मधली भिंत सामाईक. पश्चिमेला बोळ, त्यापलीकडे शेजाऱ्यांचं घर. दक्षिणेला रस्ता, थेट उंबऱ्याशी. उत्तरेला आमचाच मोकळा तुकडा, मूळ जागेला सलग.

‘अ‍ॅडजेसंट’चं लॅटिन मूळ ‘जवळ पडलेलं’ असं आहे, त्यामुळे मध्ये बोळ असला तरी तो शब्द चालतो. ‘कंटिग्युअस’च्या मुळाशी मात्र स्पर्श आहे, म्हणून सलग तुकड्याला तोच लावला. काकांच्या घराला ‘अ‍ॅडजॉइनिंग’ (लागून असलेलं) लिहिलंय, पण भिंत दोघांची आहे हे त्यातून कळत नाही. ‘पार्टी वॉल’ (सामाईक भिंत) असं वेगळं नमूद करावं का? आणि रस्त्याच्या बाजूला ‘अबटिंग’ (हद्दीला भिडलेलं) बरोबर ठरेल ना?

सीमेच्या एका शब्दावरून पुढे वाद व्हायला नको, आणि काकांशी तर मुळीच नको. दस्तांची भाषांतरं केलेल्या कुणी मार्गदर्शन कराल का? शनिवारपर्यंत पाठवायचंय.