पावसात क्लेची छोटी फुलं, मोदक वाळतच नाहीत! गणपतीसाठी छोटी माटवी करायचीय, मदत हवी

कणकवलीची_माती
नमस्कार मंडळी. मला क्लेची छोटी फुलं आणि जेवणाचे पदार्थ करायचा छंद आहे. क्ले घरीच करते, एक कप कॉर्नफ्लोअर, एक कप फेविकॉल, दोन चमचे व्हिनेगर, दोन चमचे बेबी ऑइल, मंद गॅसवर गोळा होईपर्यंत ढवळायचं नि मग मळायचं. यंदा गणपतीला पुठ्ठ्याचं कौलारू घर करतेय, पुढे पडवी, आत माजघर, तिथे गणपती आणि वर माटवी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची, रानफळं-फुलांनी सजवलेली चौकट), समोर केळीच्या पानावर नैवेद्य. स्केल १:१२ ठेवलंय, म्हणजे खऱ्यातला एक फूट इथे एक इंच.

आता अडचणी सांगते. जून लागल्यापासून काहीच धड वाळत नाहीये, वरून कोरडं लागतं पण नख लावलं की खळगा पडतो, आणि गुंडाळून ठेवलेल्या गोळ्यावर काळे ठिपके आलेत. दुसरं म्हणजे रंग, अबोली ओली असताना बरोब्बर अबोली असते, वाळली की विटकरी. तिसरं मोदक, कितीही नीट केला तरी तो उकडीचा वाटत नाही, खडूचा वाटतो. आणि माटवीत बांधायची कवंडळं (रानफळं), शेरवड नि तेरड्याची फुलं इतक्या छोट्या मापात कोणी केलेत का? आई म्हणते ती नसतील तर माटवी म्हणूच नको. पॉलिमर क्ले (भाजून कडक होते ती) घ्यावी का असंही मनात आहे, घरी ओटीजी म्हणजे छोटा ओव्हन आहे.

देवगडचा_वारा
ताई तुमच्या कृतीत काही चूक नाही, आपल्याकडची हवाच तशी आहे. ही क्ले वाळते म्हणजे आतलं पाणी हवेत उडून जातं, आणि जुलैत हवेतच इतका ओलावा असतो की पाणी जायला जागा नाही. त्यामुळे हवेवर विसंबू नका. मोठा घट्ट झाकणाचा डबा घ्या, तळाला सिलिका जेल पसरा (रंग बदलणारं मिळतं, ओलं झालं की कळतं, मग तापवून परत वापरता येतं), वर जाळी ठेवून त्यावर वस्तू ठेवा. पण आधी तासभर पंख्याखाली सुकवून मगच डब्यात, नाहीतर वरची साल पटकन आवळते नि भेगा पडतात. गॅसजवळ किंवा इस्त्रीने वाळवायचा मोह टाळा, त्यानेही तेच होतं.

ठिपके म्हणजे बुरशी, तो गोळा टाकून द्या. पुढच्या वेळी शिजवतानाच चिमूटभर सोडियम बेंझोएट घाला, सॉस-लोणच्यात घालतात तेच, आणि थोडं लवंगेचं तेल. एकदम मोठा घाणा घालू नका, आठवड्यात संपेल एवढीच करा. भांडं मात्र वेगळं ठेवा, फेविकॉल शिजवलेल्या कढईत परत स्वयंपाक नको.

अजून एक, फुलांच्या देठाला साधी लोखंडी तार वापरत असाल तर थांबा. क्ले ओली, त्यात व्हिनेगर, वर खारी हवा, गंज चढतो आणि पांढऱ्या पाकळीतून पिवळा डाग वर येतो. मी खराट्याचा हीर वापरतो, टोकाकडचा भाग १:१२ च्या देठाला पुरेसा बारीक असतो आणि रंगही पटकन धरतो. वाळल्यावर वस्तू थोडी आकसते ते धरून आधीच किंचित मोठी करायची.

सावंतवाडी_चितारी_गल्ली
रंगाचं नि मोदकाचं दुखणं एकच आहे. ही क्ले ओली असताना पांढरी दिसते, वाळली की अर्धपारदर्शक होते, त्यामुळे आतला रंग गडद दिसतो. म्हणून फुलांच्या क्लेत आधी टायटॅनियम व्हाइट मळायचा, मग रंग, तोही हव्या त्यापेक्षा दोन छटा फिका. अबोलीला केशरीत थोडा गुलाबी नि भरपूर पांढरा.

आणि मोदकाला नेमकं उलटं! मोदकाच्या क्लेत पांढरा अजिबात घालू नका. उकडीची पारी वाफवल्यावर जशी आतून उजळ, किंचित ओलसर दिसते तो गुण या क्लेत आयताच आहे, पांढरा रंग घालून आपणच तो मारतो, म्हणून खडू दिसतो. खरा मोदक सहा सेंटीमीटर धरला तर तुमचा पाच मिलिमीटरचा. आत तपकिरी क्लेचा बाजरीच्या दाण्याएवढा ठिपका घाला, गूळखोबऱ्याचं सारण म्हणून, वाळल्यावर बुडाशी त्याची अगदी पुसट सावली दिसते आणि डोळा फसतो. मुखऱ्या सुईच्या टोकाने नाही, सुईच्या अंगाने दाबायच्या, खालून वर, सगळ्या सारख्या नकोत. खऱ्या मोदकाची शेंडी कधीच नाकासमोर सरळ नसते, जरा कलती ठेवा. वर तुपासाठी ग्लॉस वार्निशचा एक टिपका, सगळीकडे नको.

पदार्थ खरा वाटतो तो असल्या बारकाव्याने. भाजल्याचे डाग ब्रशने रंगवू नका, तपकिरी ड्राय पेस्टल ब्लेडने खरवडून त्याची पूड बोटाने लावा, घावनाच्या कडेला, वड्याच्या फुगीर भागावर. घावनाची जाळी टूथब्रशने टोचून येते, मग मधली दोनचार भोकं सुईने आरपार. सोलकढीला वाटीत यूव्ही रेझिन (यूव्ही दिव्याखाली घट्ट होणारा पारदर्शक द्रव), त्यात गुलाबी नि पांढऱ्याचा थेंब, थोडी गढूळच हवी.

वेळ मिळाला तर इकडे चितार आळीत येऊन लाकडी फळं बघा, नुसती बघा हो. आंब्याच्या देठाशी हिरवा कुठे थांबतो नि लाल कुठे चढतो ते जुन्या कारागिरांच्या हातात मुरलेलं आहे, शंभर व्हिडिओ बघून ते कळत नाही.

कुडाळची_काकी
गो बाय, ल्हान माटवी करतंस ह्या वाचून लय बरा वाटला. पुढचा सगळ्यांका समजूक होया म्हणून मराठीत लिहितंय.

आई बरोबर बोलते. कवंडळ खरं लिंबाएवढं, म्हणजे तुझं चारेक मिलिमीटर. पिकलेलं कर, लाल, त्यावर केशरी पट्टे देठापासून खाली उतरलेले. पट्टे ओल्यावर काढू नकोस, वाळल्यावर एका केसाच्या ब्रशने. शेरवडात फसायला होतं, लोक पांढरं फूल करतात. तो पांढरा भाग फूल नव्हेच, पानासारखा एकच मोठा दल असतो, खरं फूल बाजूला इवलंसं केशरी, पाच पाकळ्यांचं. क्ले प्लास्टिकच्या दोन कागदांत ठेवून कागदाइतकी पातळ लाट, सात मिलिमीटरचं पान काप, मधे सुईने एक शीर नि बाजूला दोनतीन, बस. तेरड्याला मागे बारीक वाकडी शेपटी असते ती विसरू नकोस, तिच्यामुळेच लांबून तेरडा ओळखतो.

कळलावी पण घाल गं, आमच्याकडे गौरीला लागतेच. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, सगळ्या मागे वळलेल्या, बुडाशी पिवळ्या नि टोकाला लाल. समोर ठेवून करायला आणलीस तर हात धू आणि पोरांपासून लांब ठेव, विषारी आहे, कंद तर फारच.

एक सांगते, पहिलं फूल १:१२ मध्ये करू नकोस. आधी खऱ्या मापाचं एक कर, अबोली घे. तिच्या पाकळ्या सगळ्या एकाच बाजूला पसरतात, वरची बाजू मोकळी, खाली लांब बारीक नळी. हे हाताला कळलं की मग तीन मिलिमीटरची करताना काय सोडायचं ते आपोआप कळतं.

कणकवलीची_माती
काकी, शेरवडाचं मला खरंच माहीत नव्हतं, दारात आहे तरी! सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मोदकाचा एक नमुना पांढऱ्याशिवाय करून डब्यात ठेवलाय. पॉलिमर क्लेबद्दल कोणी सांगेल का?

दापोली_ओव्हन
मी पॉलिमरच वापरते आणि पावसाळ्यात तरी मला तीच बरी वाटते, कारण ती हवेवर वाळतच नाही, भाजल्यावर कडक होते, त्यामुळे दमट हवेशी तिचं भांडण नाही. आकसतही जवळपास नाही. पाकिटावर लिहिलेलं तापमान पाळायचं, कंपनीप्रमाणे साधारण ११० ते १३० अंश. ओटीजीचा काटा बरेचदा खोटा दाखवतो म्हणून आत वेगळा ओव्हन थर्मामीटर ठेवा. करपली तर त्रासदायक धूर होतो, खिडक्या उघड्या ठेवा, आणि मायक्रोवेव्हमध्ये मुळीच नको. केक करता त्याच ओटीजीत शक्यतो नका करू, करायचंच तर झाकलेल्या फॉइलच्या ट्रेमध्ये.

पण महाग पडते, आणि पातळ पाकळीला तुमचीच घरची क्ले सरस आहे, माझं स्पष्ट मत. मी असती तर फळं, नारळ, तवसं (मोठी काकडी), सुपारीचा घड पॉलिमरचे केले असते, आणि मोदक, शेरवड, अबोली तुमच्या क्लेची.

देवगडचा_वारा
सहमत. घरच्या क्लेच्या वस्तू पूर्ण वाळल्या की वार्निश मारा, पण पाण्यातलं नको, त्याने वरचा थर परत चिकट होतो, स्प्रेवालं सॉल्व्हंटचं घ्या, पडवीत उभं राहून मारा. आणि माटवी बांधायला शिलाईचा दोरा घेऊ नका, जाड नि गुळगुळीत दिसतो. केळीचं सोपट (खोडाची साल) वाळवून नखाने चिरत गेलात की केसासारखा धागा निघतो, किंचित ओला करून गाठ मारायची म्हणजे तुटत नाही. आधी आंब्याचे टाळ (पानांच्या डहाळ्या) बांधा, मग जड फळं चार कोपऱ्यांत, फुलं शेवटी, नाहीतर चौकट एका बाजूला कलते.