उ: सेंद्रिय रेणू फक्त प्रकाश शोषायला?
मॉलिब्डेनम डायसल्फाइड या अतिपातळ अर्धवाहकापासून बनवलेल्या प्रकाश-सेन्सरमध्ये सेंद्रिय (कार्बनी) रेणूंचा उपयोग फक्त प्रकाश जास्त शोषायला होतो, असं म्हटलं जातं; ते अर्धंच खरं आहे. एकथरी मॉलिब्डेनम डायसल्फाइड जेमतेम ०.६५ नॅनोमीटर जाड, बराचसा प्रकाश आरपार निघून जातो. तिथे सेंद्रिय रंगद्रव्याचा थर मदत करतो, हे मान्य. पण मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या थरात जागोजागी गंधकाचे अणू गळालेले असतात. त्या रिकाम्या जागांत विद्युतभार अडकतात आणि दिवा बंद केल्यावरही प्रवाह रेंगाळतो. थायॉल नावाच्या सेंद्रिय रेणूच्या टोकाला गंधकच असतं, ते नेमकं तिथे जाऊन बसू शकतं. फार सुंदर युक्ती आहे ही!

मात्र या रिकाम्या जागांचे सापळे कमी झाले की सेन्सर चपळ होतो, पण संवेदनशीलता बरेचदा घटते, कारण अडकलेल्या भारामुळेच प्रवाह वाढून मिळत असतो.