मदत हवी आहे: सरकारी दवाखान्यात बाळंतपण, पिशवीत काय भरू?

तायांनो, नववा महिना लागलाय, पहिलंच बाळंतपण. माहेरी आलेय, नाव जिल्हा रुग्णालयात नोंदवलंय. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण मोफत असतं, गाडीसाठी १०२ क्रमांक आहे, हे आशाताईंनी सांगितलं. पण सोबत काय न्यायचं?

फाईल, माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, आधार आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्स एका पिशवीत ठेवल्यात. पुढून उघडणारे गाऊन, मोठे पॅड, चादर, थर्मासही घेतलेत. गोंधळ बाळाच्या कपड्यांचा. आई जुन्या सुती साड्यांची बाळुती आणि दुपटी शिवत बसलीय, जावेचं म्हणणं सरळ डायपर घे. पावसात बाळुती वाळणार कुठे? दोन्ही थोडं थोडं नेलं तर चालेल का? झबली-टोपडी साधारण किती लागतात? नवी धुऊनच घालायची ना?

आणखी एक, बाईसोबत रात्री एकच माणूस राहू देतात म्हणे. त्या माणसाच्या झोपण्या-जेवणाचं तुम्ही काय केलंत? आईचे गुडघे दुखतात, तिला फरशीवर झोपवायचं जिवावर येतं. (डिंकाचे लाडू मात्र तिने आत्ताच डब्यात भरलेत!)

सरकारी दवाखान्यात बाळंत झालेल्यांनी जरूर सांगा, काय न्यायचं राहून गेलं आणि काय उगीच नेलं.