ताडपत्रीच्या लूपसाठी तंगूस नको

गुहागरच्या किनाऱ्यावर मुक्कामासाठी हलक्या ताडपत्रीला दोऱ्या बांधायचे लूप हातानेच शिवायचे आहेत, मासेमारीचा तंगूस दोऱ्याऐवजी चालेल का, असं वर विचारलंय. कृपया नको. तंगूस कुजत नाही हे खरं, पण गुळगुळीत असल्याने गाठ सरकते आणि वाऱ्याच्या हिसक्यांनी तो पातळ कापड कापत जातो. जाड पॉलिएस्टर दोरा घ्या. सुती दोरा कोकणच्या दमट हवेत टिकत नाही, आणि उन्हात नायलॉनपेक्षा पॉलिएस्टर बरा.

सगळी भिस्त अस्तरावर असते. लूपच्या जागी मजबूत कापडाचा तुकडा लावा, कोपरे गोल कापून, म्हणजे ताण एका टोकावर येत नाही. त्यावर सॅकच्या बंदासारखी नायलॉनची पट्टी, टोकं मेणबत्तीवर जराशी वितळवून. चौकोन आणि आत फुली अशी उलटी टीप घाला. पट्टी ओढीच्या दिशेत सपाट बसायला हवी, नाहीतर एकेक टाका उसवत जातो. सुई बारीक घ्या. टाके फार दाट नकोत, भोकांच्या रांगेवरच कापड फाटतं.

भोकं बुजवायलाच हवीत. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडाला सिलिकॉन सीलंटच लागतो, पॉलियुरेथेनचा त्यावर धरत नाही.

सुरूच्या बनात बांधणार असाल तर समुद्राकडची कड अगदी खाली घ्या आणि तिथल्या लूपना दुहेरी अस्तर द्या.